नाडीवर ऐकलेला जॅझ

"हात दे इकडे," काकू म्हणायच्या, आणि तुम्ही तो देईपर्यंत थांबायच्याही नाहीत. मनगट ओढून घ्यायच्या, नाडीवर दोन बोटं टेकवायच्या आणि दुसऱ्या हाताने अल्बम सुरू करायच्या. "आता ऐक. तोंडाने छान छान म्हणू नकोस. आवडलं की नाही ते मला इथे कळतं."

गंमत करतेय असं वाटेल तुम्हाला. अजिबात नाही! सिअ‍ॅटलजवळच्या या बॉथेलमधली निम्मी मराठी मंडळी या परीक्षेला बसली आहेत आणि बहुतेक सगळी नापास झाली आहेत. माझा नवरा तर पहिल्याच फेरीत गेला. "बासचा सोलो इतका रंगलाय आणि याची नाडी खाली चाललीये. हा झोपतोय!" असं जाहीर करून काकूंनी त्याला खिचडी खाऊ घातली आणि घरी पाठवून दिलं. मी पास झाले. का झाले, देव जाणे, पण त्या दिवसापासून शनिवारची माझी सकाळ काकूंची झाली.

काकू मूळच्या सोलापूरच्या. इथे चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. त्यांच्याबरोबर इस्रायलमधल्या हैफाचा एक सर्जन काम करायचा. तो ऑपरेशन करताना कायम त्याच्या देशातल्या लोकांचा जॅझ लावायचा, तोही ठरावीकच. पियानोवर इस्रायली, बासवर कोणी डॅनिश, ड्रम्सवर कोणी फ्रेंच.

"पहिल्यांदा ऐकलं ना, तेव्हा मी घाबरून मॉनिटरकडेच बघितलं गं," त्या सांगायच्या. "म्हटलं, पेशंटचे ठोके असे वेडेवाकडे का पडतायत? पेशंट आपला ठणठणीत. ड्रमवाला सात मात्रांत वाजवत होता!"

तेव्हापासून लागलेलं हे वेड. दिवाणखान्यातलं अख्खं कपाट या एकाच जातीच्या अल्बमनी भरलेलं होतं. वाजवणारे तेल अवीवचे, साथीला कोपनहेगन, बुडापेस्ट, लिऑनचे, आणि रेकॉर्डिंग नॉर्वेतल्या कुठल्यातरी लाकडी खोलीत. नवा अल्बम आला की काकूंचा सकाळी सातला फोन. "आलाय! दात घासलेस का? मग ये."

ऐकायचे नियम कडक. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही गाळायचं नाही. चमचा वाजवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे राग ओळखणं. एकदा पियानोवर अशी काही सुरावट आली की माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, हा तर आपला भैरव!"

त्यांनी अल्बमच थांबवला. "तुम्हा लोकांना ना, जिथे जाल तिथे आपलंच घर शोधायचं असतं. तो मुलगा त्याच्या येमेनी आजोबांची गाणी ऐकत वाढलाय. त्याला तुझा भैरव ठाऊकही नाही. त्याच्या घरी गेलीस ना? मग त्याचं घर बघ." आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. मी मान खाली घालून खिचडी खात बसले.

त्यांचं एक निदानही होतं, ते त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. "इस्रायलवाल्यांना एका दमात सगळं सांगायचं असतं. बीपी कायम वर. युरोपवाले म्हणतात, थांब, श्वास घे. दोघं एका खोलीत आले की पेशंट स्टेबल!" आणि स्वतःच टाळी वाजवून हसायच्या. त्या हसायला लागल्या की मलाही आवरायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या हृदयाची एक झडप बदलायची ठरली. गुरुवारी ऑपरेशन. आणि नेमकं त्याच आठवड्यात, आदल्या रविवारी दुपारी तीनला, त्यांचं सगळ्यात लाडकं त्रिकूट सिअ‍ॅटलमध्ये वाजवायला येणार होतं. या तिघांचे दोन अल्बम त्यांनी अक्षरशः झिजवले होते, पण प्रत्यक्ष कधी ऐकलेलं नव्हतं.

त्यांच्या मुलाचा मला वॉशिंग्टन डीसीजवळच्या अ‍ॅशबर्नहून फोन आला. इथेच जन्मलेला, वाढलेला. मराठी बोलतो, पण वैतागला की घसरतो. "प्लीज तिला नेऊ नकोस यार. सर्जरी चार दिवसांवर आहे. एवढी गर्दी, इन्फेक्शन, एक्साइटमेंट. शी विल नॉट लिसन टू मी. तू तरी नाही म्हण."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी काकूंना तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ, मी चाळीस वर्षं लोकांना झोपवलंय. प्रत्येकाला सांगितलंय, काळजी करू नका, उठाल तुम्ही. बहुतेक उठले. सगळे नाही उठले. मला त्यांना एकदा ऐकायचंय, आणि तेही मी झोपायच्या आधी."

नेलं मी त्यांना.

लहानसा हॉल, आम्ही तिसऱ्या रांगेत. काकू मास्क लावून, पर्स मांडीवर घेऊन शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसलेल्या. पहिला सूर लागला आणि त्यांनी माझा हात जो पकडला तो सोडलाच नाही. मग त्यांची आवडती सात मात्रांची रचना सुरू झाली. पियानो नुसता धावत सुटलेला, बास त्याला चुचकारतोय, ड्रमवाला दोघांनाही भरीला घालतोय. काय सांगू तुम्हाला! सगळा हॉल पुढे झुकला होता. आणि ऐन भरात, अल्बममध्ये कुठेही नाही अशा जागी, तिघांनी एकदम हात उचलले. सगळं बंद. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"चेक द पल्स!"

काकू उभ्या! दोन्ही हात पुढे, आवाज खणखणीत, चाळीस वर्षांची सवय. सगळा हॉल वळून आमच्याकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंनाही तोवर कळलं होतं आपण कुठे आहोत ते, पण खाली बसायचं त्यांना सुचेना.

ड्रमवाल्याने त्यांच्याकडे बघितलं. काड्या एका हातात घेतल्या, दुसऱ्या हाताची दोन बोटं स्वतःच्या मानेवर ठेवली, डोळे मिटले, थोडं थांबला. मग काकूंकडे बघून गंभीरपणे मान हलवली, आहे, चालू आहे, आणि धाडकन ठोका दिला! तिघेही बरोबर एकत्र आले. हॉलमध्ये असा काही जल्लोष झाला म्हणून सांगू! "वाचला गं, वाचला!" म्हणत काकू खुर्चीत कोसळल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. इतकी खूश झालेली बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःचं मनगट माझ्यापुढे केलं. "आज तू बघ." मला काय कळणार? बोटांखाली नुसती धावपळ चाललेली.

"काकू, फार जोरात चाललीये. डॉक्टरांना फोन करू का?"

"गप्प बस. आजारातली कुठली आणि आनंदातली कुठली, मला कळतं. गाडी काढ."

घरी पोचल्यावर त्यांनी मुलाला फोन करून सगळं खरं सांगितलं. तो भयंकर चिडला. बुधवारी विमानाने आला, आईचं सगळं मनापासून केलं, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. गुरुवारी सकाळी स्ट्रेचरवरून काकू त्याला म्हणाल्या, "अरे, त्या दिवशी काय झालं माहितीये का?" तो म्हणाला, "नंतर सांग, आई." मी तिथेच उभी होते.

ऑपरेशन झालं. काकू शुद्धीवर आल्या, पण नळ्यांमुळे बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेल्या. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं की त्या दुपारचा याच्याशी काहीही संबंध नाही. तरी मुलाच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही. घर आवरताना तो कपाटातले अल्बम स्वतःच्या हाताने खोक्यात भरून घेऊन गेला.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि त्याचा फोन आला. ते त्रिकूट तिकडे, वॉशिंग्टन डीसीला आलं होतं. हा एकटाच जाऊन बसला होता.

"मला काहीच कळलं नाही यार. नॉट अ थिंग. पण उठवेना मला तिथून." मग म्हणाला, "ती मला सांगणार होती ना? मीच नंतर म्हटलं. आता तू सांग. एव्हरीथिंग. अगदी सुरुवातीपासून."

मी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसले. "ऐक हं," मी म्हटलं. "मी न्यायला गेले तेव्हा एक वाजला होता, आणि तुझी आई तासभर आधीपासूनच पायात बूट घालून दारात उभी होती..."