गिरणीचा पट्टा तुटला तवा

मंडळी, आज आमच्या ताडकळसच्या पिठाच्या गिरणीला साल झालं. अन् आजच, ऐन बाजारच्या दिवशी, इंजनाचा पट्टा तुटला.

सालभरात मी एकच गोष्ट शिकलो होतो, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं न्हाई. म्हणून हैद्राबादहून दुसरी चक्की मागवायचं मनात घोळायलं होतं. अन् आज बाया ज्वारीच्या पाट्या घेऊन दारात, इंजन गप. तिकडं मोठी लढाई पेटलेली, त्यापायी नवा पट्टा परभणीतही मिळंना. तुटलेला शिवून घ्यायला मोच्याकडं पळालो, परत आलो, पुन्हा पळालो. जीव थाऱ्यावर न्हाई.

शेवटी हात जोडले. म्हणलं, "मायहो, आज घरच्या जात्यावरच दळा. मला लय वेळ लागंल."

एकही बाई उठली न्हाई. समद्या लिंबाखाली बसल्या. कुणी लेकराला पाजायली होती, कुणी माहेरची खबर सांगायली होती. आमच्या शेजारची सून गोदा, भिंतीला भिंत असून जिचा आवाज मी कधी ऐकला न्हाई, ती खदखदा हसायली होती.

मला बघून म्हणली, "दादा, होऊ द्या सावकाश. घरी गेल्यावर कामच हाय."

दिवस कलताना पट्टा बसला. इंजन धडधडलं तशा बाया गप झाल्या, अन् पदर सावरून रांगेला लागल्या.

आता रात झाली, तरी मला चैन न्हाई. दुसरी चक्की बसवली तर दळण निम्म्या वेळात होईल. पण मंडळी, निम्म्या वेळात घरी जायचंय कुणाला?