कंपनी आणि आईची भाकर

मोर्शीकडच्या आमच्या गावात संत्र्याच्या बागा असलेल्या बायांनी मिळून कंपनी काढायचं ठरवलं. आईची बागही त्यात हवी होती. पण आई अडून बसली. "त्या माह्या हातची भाकर खातीन, तवाच मी सही करीन."

तिचं म्हणणं रास्त होतं. आम्ही बौद्ध. शेजारच्या बागेतल्या काकू आईला दरवर्षी लोणचं द्यायच्या, तोडणीच्या दिवसांत सोबत जेवायलाही बसायच्या. मात्र आमचा डबा पुढे केला की त्यांचं पोट नेमकं तेव्हाच भरायचं. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. मला भयंकर राग यायचा. आई निमूटपणे डबा झाकून ठेवायची.

मी अकोल्याला कॉलेजात इंग्रजी शिकवते. बागेतल्या पहिल्या बैठकीला मला बोलावलं, ते कंपनी म्हणजे काय हे समजावून सांगायला. मी कायदा बाजूला ठेवला आणि शब्दच उकलायला घेतला. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांना तो लॅटिनमधून वारशानं मिळाला. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकर. त्याच 'पानिस'चा पोर्तुगीजांच्या तोंडी 'पांव' झाला, आणि तोच आपला चहासोबतचा पाव.

"म्हणजे कंपनी अन् पाव एकाच घरचे," मी म्हटलं. "एकमेकांची भाकर खातात ते कंपनीवाले. नुसत्या सह्यांनी होत नाही."

आवाज जरा चढलाच माझा. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आईनं डबा उघडला नाही. स्वतःहून पुढे करणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

काकू पदर सावरत उठल्या आणि आईजवळ येऊन बसल्या.

"काय आणलं व डब्यात?"

"ज्वारीची भाकर अन् ठेचा."

"मंग दे ना. काहून झाकून ठेवून राहिली?"

आईनं भाकर मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. काकूंनी ती सगळ्यांच्या देखत खाल्ली, ठेचा झोंबला तशा आमच्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग दुसरीनं हात पुढे केला, मग आणखी एकीनं. आईनं कुणाचीही मनधरणी केली नव्हती.

रिकामा डबा तिनं बाजूला सारला. "आण तो कागद," मला म्हणाली, आणि सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.