पाटीवरचे मास्तर

चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर आमचं लहानसं स्टेशन आहे. गावाने तिथे स्टेशनच्या इतिहासाची पाटी लावायचं ठरवलं आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे, गावातल्या शिक्षकाकडे आलं.

जुने कागद सापडेनात. तेव्हा कुणीतरी मला एका निवृत्त सांधेवाल्याकडे पाठवलं. गाडी या रुळावरून त्या रुळावर घेण्यासाठी सांधे बदलण्यात त्यांची उभी हयात गेली होती. रोज संध्याकाळी ते फलाटावरच्या बाकावर बसायचे. गाडी आली की बोलता बोलता उठून उभे राहायचे आणि शेवटचा डबा गेल्यावरच खाली बसायचे.

मी त्यांना नाना म्हणायचो. चार संध्याकाळी त्यांनी मला सगळे स्टेशन मास्तर ओळीने सांगितले. कोण कडक होता, कोण घाबरट होता, कोणाच्या तापाने फणफणलेल्या मुलाला त्यांनी सायकलवरून डॉक्टरकडे नेलं होतं. मी नावं उतरवून घेतली.

पाटीचं उद्‌घाटन झालं, भाषणं झाली. गर्दी पांगल्यावर नाना पाटीजवळ आले. एकेका ओळीवर बोट ठेवत त्यांनी ती दोनदा वाचली.

"बठ्ठा मास्तर शेतस," सगळ्या नावांवरून बोट फिरवत ते अहिराणीत म्हणाले. "सांधा कोन बदले, ते नही शे."

मी ओशाळलो. "नाना, तुमचं पूर्ण नाव काय?"

"आते इचारीसन काय करशी, भाऊ? पाटी भराई गई."

पाटी खरंच भरली होती. शेवटच्या ओळीत 'माहिती संकलन' असं लिहून पुढे माझं नाव घातलं होतं.