जमिनीला टेकायला आलेली जीप

माझा दोस्त एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर, आणि मी बियाण्याच्या गोदामावर. नव्वदच्या सुमारास आम्हा दोघांना एकच खूळ लागलं. आमच्या दारातली जुनी जीप इतकी खाली बसवायची, की बघणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत! कुठल्याशा मासिकात तसली मोटार पाहिली होती, पोट पार रस्त्याला टेकलेलं. झालं, येडे झालो.

रविवारी अंगणात खडूनं आकृत्या काढायचो. चाकांवर पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात, त्यांच्यावर गाडी झुलते. त्यातले दोन काढायचे, उरलेल्यांची कमान ठोकून सपाट करायची. शिवाय सीटांचे पायही कापायचे, कारण बसणारासुद्धा खाली दिसला पाहिजे. दोस्त म्हणायचा, "चार बोटं खाली घेऊ." मी म्हणायचो, "हॅट्, वीतभर!"

मायचे गुडघे तेव्हा पार कामातून गेल्ते. उंच जीपमध्ये तिला दोघांनी काखेत धरून चढवावं लागे. राजूरच्या गणपतीला एकदा लोकांदेखत तसं चढवलं, तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चतुर्थीला जायचंच तिनं बंद केलं. एका रविवारी ओट्यावरून आमचा कारभार पाहत ती म्हणाली, "माह्या गुडघ्यासाठी करून राह्यलास ना रे?"

मी हो म्हणालो. चटकन. तिचं तोंड असं उजळलं, की खरं सांगायला जीभच उचलेना. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं, "लेक माह्यासाठी जीप खाली घेऊन राह्यला!" बायाबापड्या माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायच्या. वाटायचं, धरणीनं पोटात घ्यावं.

पाटे काढून जीप वीतभर खाली बसवली, आणि चतुर्थीला माय दोन शेजारणींना घेऊन तिच्यात ऐटीत बसली. माप आम्ही रिकाम्या जीपवर घेतलं होतं, अक्कल गहाण टाकून! पहिल्याच ब्रेकरवर जीपचं पोट खर्रकन घासलं. "थांब, उतरतो आम्ही," माय म्हणाली. शेजारणी पटकन उतरल्या. मायला मात्र उठताच येईना. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा खालून उठणं भारी, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानातच आलं न्हाई. मी हात दिला, तो तिनं झटकला. दांडी धरून, ओठ चावत उठली आणि शेजारणींना म्हणाली, "पाहा, किती सोपं झालं!" राजूर येईपर्यंत दर ब्रेकरला हेच.

घरी आल्यावर म्हणालो, "माय, उद्याच पाटे परत टाकतो. पहिल्यासारखी उंच करतो."

"बिलकुल न्हाई," गुडघ्याला तेल चोळत ती म्हणाली. "गावभर सांगून बसले मी. मंग लोक काय म्हणतील, लेकाचं चुकलं?"

पुढच्या चतुर्थीला मी आंघोळ करून बाहेर आलो, तर ती आधीच जीपमध्ये जाऊन बसली होती.