सात खेड्यांची नर्स

बडोद्यातल्या पाणीगेटच्या संयोगिता मोहितेला एका जर्मन शहराचा नकाशा तोंडपाठ होता, आणि तिथे तिने अजून पाऊलही टाकलं नव्हतं.

ब्रुखवाल्ड हे ते शहर, बडोद्याच्या एखाद्या पोळमध्ये, जुन्या गल्लीवस्तीत, मावेल एवढं. एक नदी, एक पूल, चर्च, औषधांचं दुकान, आणि भोवती शेतांत विखुरलेली सात खेडी. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करायला नर्स हवी होती. संयोगिता आठ वर्षं बडोद्याभोवतीच्या गावांत स्कूटरवरून हेच काम करत होती. तिने वासणा भागातल्या क्लासमध्ये जर्मन शिकून परीक्षा दिली आणि अर्ज करून टाकला.

वडील प्रतापराव कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले. आधी ते फुगून बसले. मग एके दिवशी कपाटावर चिकटवलेल्या नकाशासमोर त्यांनीच खुर्ची ओढली.

"हं बेटा, रेल्वेफाटक ओलांडलं की?"

"डावीकडे, बाबा. पुढे जुनी गिरणी."

"आणि गिरणीनंतर?"

मुलाखत दुपारी अडीचला, व्हिडिओवर होती. पडद्यावर संस्थेच्या प्रमुख केलरबाई आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "पुलाचं काम चालू असेल, तर शेवटच्या खेड्याला कशा जाल?"

"गिरणीकडून. दहा मिनिटं जास्त लागतील."

"तुम्ही इथे येऊन गेलात?"

"नाही. रोज नकाशावर फिरते."

केलरबाई मोठ्याने हसल्या. शेजारी बसलेल्या एका आजींकडे त्यांनी कॅमेरा वळवला. "या हिल्डाआजी, आमच्या पेशंट. यांच्याशी बोला."

आजी बोलू लागल्या आणि संयोगिता पडद्याकडे झुकली. क्लासमधली जर्मन कुठे आणि आजींची गावठी बोली कुठे! एक अक्षर कळेना. दाराआड उभे असलेले प्रतापराव कान लावून ऐकत होते.

"आजी, मला समजलं नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "जरा हळू सांगता?"

आजींनी पुन्हा सांगितलं. या वेळी 'बूट' एवढा एकच शब्द हाती लागला. खुर्चीतल्या आजी पायांपर्यंत दिसत होत्या; संयोगिताने निरखून पाहिलं. आजींच्या दोन्ही बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या.

"बूट घट्ट होतात? पाय सकाळीही सुजलेले असतात? आडवं झालं की धाप लागते?"

प्रत्येक प्रश्नाला आजी जोरजोरात मान डोलवत होत्या. केलरबाईंचं हसू मावळलं. "मला वाटलं, यांना नवे बूट हवेत," त्या म्हणाल्या आणि तिथेच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

चार दिवसांनी ईमेलने पत्र आलं. आजींच्या हृदयावर वेळेत उपचार सुरू झाले होते आणि संयोगिताची नेमणूक पक्की झाली होती. प्रतापरावांनी खिडकीतून अख्ख्या पोळला हाक दिली, "अरे सांभळो, ऐका! आमची संयोगिता जर्मनीला चालली!"

पत्रात एक अट होती, खेड्यांत फिरायला मोटार चालवता आली पाहिजे. दुसऱ्याच सकाळी ती ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत बसली. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा मात्र सरळ रस्त्याला लागली, आणि मागच्या सीटवरून प्रतापराव ओरडले, "मजा आली ने! आता गियर टाक, बेटा!"