कपाटातली परीक्षा

शाळेच्या वाचनालयात आवाज करायचा नाही, हा नियम मोठ्या बाईंचा. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणत. नियम इतका कडक की भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्यांनी ते व्हरांड्यात नेऊन टांगलं होतं.

वाचनालय सांभाळत त्या पुस्तकबाई. उंच, काटकुळ्या, पायात कापडी चपला. शिंक आली तर शब्दकोश उघडून त्यात तोंड खुपसत. या नोकरीपायी त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की घरीही ऐकू येत नसे. लग्न केलं नव्हतं, भावाकडे राहत. वहिनी विचारायची, "वन्सं, आमटीत मीठ कमी आहे म्हणालात, की घराला आग लागली म्हणालात?"

शिंप्याची धाकटी मुलगी त्यांच्याकडे आली ती शिक्षा म्हणून. वर्गात वाचायला उभी केली की तिची दातखीळ बसे, पोरं हसत. तेव्हा वाचनालयात बस आणि मनात वाच, असं तिला सांगण्यात आलं. पुस्तकबाईंनी दोन-चार दिवस तिच्याकडे पाहिलं. पोरीला अक्षरं येत होती, पण मोठ्याने म्हटल्याशिवाय ती एकमेकांना धरून राहत नव्हती. मोठ्याने म्हणावं तर नियम आडवा, आणि कुणी समोर असलं की तोंड बंद. वर्षअखेरीस मोठ्या बाईंसमोर एक उतारा वाचायचा होता. तो आला नाही तर तोच वर्ग पुन्हा, आणि शिंप्याने बजावून ठेवलं होतं की तोच वर्ग मिळाला तर शाळा बंद, दुकानात बसून काजं करायची.

वाळवीने रिकामं केलेलं एक जाड लाकडी कपाट कोपऱ्यात पडून होतं. पुस्तकबाईंनी त्यातल्या फळ्या काढल्या, आत स्टूल ठेवलं, विजेरी दिली आणि पोरीला आत बसवून बाहेरून कडी घातली. पहिले काही दिवस आतून नुसती कुजबुज ऐकू आली. मग कपाट वाचायला लागलं. पुढे तर इतर मुलंही कपाटासाठी रांग लावू लागली.

एकदा मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि हा आवाज कसला म्हणून त्यांनी विचारलं. पुस्तकबाईंना खोटं बोलता येत नसे. कपाट वाचतंय, म्हणाल्या. मोठ्या बाईंनी जरा विचार केला, कपाटाला हळू वाचायला सांगा म्हणाल्या आणि निघून गेल्या.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाई वाचनालयातच बसल्या. पोर पुस्तक धरून उभी, ओठ शिवलेले. पुस्तकबाईंनी कपाटाची परवानगी मागितली.

"मुलगी कपाटात गेली की ती परीक्षेला गैरहजर," मोठ्या बाई म्हणाल्या. "परीक्षार्थी खोलीत दिसला पाहिजे. तसा नियम आहे."

"आणि परीक्षक?" पुस्तकबाईंनी विचारलं.

मोठ्या बाईंनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि चष्मा पुसून पुन्हा पुन्हा चाळलं. परीक्षकाने कुठे बसावं याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. जे नियमात नाही ते नाकारायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला, कपाटात जाऊन स्टुलावर गुडघे आवळून बसल्या आणि म्हणाल्या, "कडी लावा. फट राहायला नको."

पुस्तकबाईंनी कडी लावली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग मागे एक शब्द आला, पडला, पुन्हा उठला. मग ओळ आली. नावाडी भर पुरात नाव हाकत होता, नावेला भोक पडलं होतं आणि आतले दोन प्रवासी बसण्याच्या जागेवरून भांडत होते. पोर अडखळत, पण न थांबता नदीच्या मधोमध पोचली. तिथे उतारा संपला.

पुस्तकबाई कडीकडे वळल्या.

"उघडू नका," कपाट म्हणालं. "पास आहे ती. पण ती माणसं बुडाली का?"

उतारा तिथेच संपतो, असं पुस्तकबाईंनी सांगितलं.

"मग पुढचं पान वाच, बाळ. आणि जरा मोठ्याने, मला इथे नीट ऐकू येत नाही."

इतक्यात शिपाई सह्यांचे कागद घेऊन आला आणि मोठ्या बाई कुठे आहेत म्हणून विचारू लागला. पोरीने पुस्तकातून मान वर केली. माणूस समोर उभा, तिच्याकडेच बघत होता.

"वाचताना मध्ये बोलू नका, काका," ती म्हणाली, आणि तिने पान उलटलं.