बिनरेघेच्या पतंगाचा नर

नोटाबंदीच्या वर्षी हे गेले. डहाणूला रेल्वेत होते, आणि आयुष्यभर माझी चेष्टा करत आले. "माणसांची जात कधी विचारली नाहीस, आणि पतंगांची विचारत हिंडतेस!" मी बोर्डीला शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. हे होते तोवर पतंग म्हणजे नुसता छंद होता. नंतर तेवढाच काय तो सोबतीला उरला. घर खायला उठायचं, खोटं कशाला सांगू?

चिकूच्या पानांवर करड्या, नखाएवढ्या पतंगांची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, सापडते. तिच्यातल्या माहीत असलेल्या जातीच्या पंखावर काळी रेघ असते. मला मिळाले ते बिनरेघेचे, जरा रुंद पंखांचे. पुण्याच्या एका तज्ज्ञ सरांना नमुने पाठवले. ते म्हणाले, "बाई, जात नवी वाटतेय खरी. पण या सगळ्या माद्या आहेत. नर मिळाल्याशिवाय छापायची घाई नको. नाव मात्र तुम्हीच ठेवायचं हं."

नाव तर माझं तिथल्या तिथे ठरलं. यांचं! चेष्टा करणाऱ्याचंच नाव पतंगाला लागणार, तेही जगभरच्या पुस्तकांत. कोणाला बोलले नाही, पण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

मग दोन वर्षं त्या नराचा पिच्छा पुरवला. तलासरीपर्यंतच्या वाड्या पालथ्या घातल्या. वाडीवाले हसायचे, "आम्ही किडीवर औषध मारतो, तुम्ही डब्यात भरून नेता!" मिळायचे ते रेघवालेच. "मेल्या, परत तूच?" म्हणून मी त्यांना हुसकावून लावायचे.

शेवटी बरणीत ठेवलेल्या एका बिनरेघेच्या मादीने अंडी घातली. ओट्यावरच अळ्या वाढवल्या, चिकूची ताजी पानं घालून. त्यांच्याशी बोलायचेसुद्धा. कोश फुटायला लागले तेव्हा पहिला बाहेर आला तो रेघवाला. दुसरी बिनरेघेची. पुढचा परत रेघवाला. रेघवाले तेवढे नर, बिनरेघेच्या तेवढ्या माद्या, आणि सगळी एकाच आईची लेकरं! नवी जात वगैरे काही नव्हतीच; जुन्याच जातीची, आजवर कोणी न ओळखलेली मादी होती ती. ज्याला दोन वर्षं हाकलत होते, तोच तिचा नर होता.

गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? पण यांच्या नावावर खोटं छापायचं? छे! सरांना फोन लावला. ते बिचारे समजूत काढत राहिले. "होतं असं, बाई. बरं, नाव काय ठरवलं होतं?"

"काही नाही हो, बोर्डीवरून काहीतरी ठेवणार होते," म्हटलं.

फोन ठेवला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच ते नाव. पुढचा सगळा संसार 'अहो'वरच झाला. ओट्यापाशी उभी राहून मी ते मोठ्याने घेतलं. परत एकदा घेतलं. ओ द्यायला कोणी नव्हतं.